डॉक्युमेंटेशन हे 'निदान' करायचं काम नाहीये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी करिअरचे जे लेख येतात ते मी वाचतो (मुलगी थर्ड इयरला आहे, त्यामुळे वाचावेच लागतात) आणि त्यात ओपन सोर्सचा (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचा) विषय निघाला की एक वाक्य हमखास येतंच, की कोड लिहायला जमत नसेल तर निदान डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात करा. हे 'निदान' मला खटकतं. म्हणजे कोड हे खरं काम आणि त्याची माहिती लिहिणं हे ज्याला काही येत नाही त्याला बसवून ठेवायला दिलेलं काम, असा सूर लागतो. माझा अनुभव बरोबर उलटा आहे, आणि तो एका अगदी छोट्या, कोणाला महत्त्वाच्या न वाटणाऱ्या गोष्टीवरून सांगतो, एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, कोडला जे रंग दिसतात त्यावरून.

मी दिवसभर ज्या एडिटरमध्ये असतो तो म्हणजे ईमॅक्स. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, हा रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातला टेक्स्ट एडिटर, 1985 पासून लोकांच्या हातात आहे आणि अजून त्याची नवी व्हर्जन्स येताहेत. गंमत अशी की हा एडिटर बराचसा लिस्प नावाच्या प्रोग्रामिंग भाषेतच लिहिलेला आहे आणि तो चालू असतानाच तुम्ही त्याचं कुठलंही फंक्शन (एक ठरावीक काम करणारा, नाव दिलेला कोडचा तुकडा) उघडून वाचू शकता, बदलू शकता, स्वतःचं घालू शकता. आणि फंक्शनची माहिती फंक्शनच्या पोटातच लिहिलेली असते, तिला डॉकस्ट्रिंग म्हणतात. कंट्रोल-एच दाबा, मग एफ, मग फंक्शनचं नाव टाका, माहिती समोर हजर, नेट नसलं तरी चालतं. शिवाय वेगळं जाडजूड मॅन्युअल आहे ते आतच. म्हणजे डॉक्युमेंटेशनच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर गरीब अजिबात नाही, उलट ह्या बाबतीत इतर बऱ्याच जणांनी इथे येऊन शिकवणी लावावी असं आहे. तरीसुद्धा रंगांची फंक्शन्स समजून घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि का फुटतो हेच मला सांगायचंय.

रंगांचं काम करणाऱ्या भागाला फॉन्ट-लॉक म्हणतात. मूळ जेमी झाविन्स्की यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं, मग स्टॉलमन आणि नंतर स्टेफान मोनिये यांनी ते पुढे नेलं. आधी ते हाताने चालू करावं लागायचं, 2007 च्या 22 व्या व्हर्जनपासून ते आपोआप चालू असतं. काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्यांदा कॉमेंट आणि कोटमधला मजकूर कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते सिंटॅक्स टेबलवरून (त्या भाषेत कुठल्या चिन्हाचा अर्थ काय त्याचा तक्ता) ओळखून त्याला रंग, आणि मग बाकीच्यावर रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरातला ठरावीक साचा शोधायच्या सूत्रांच्या) नियमांची यादी चालवून कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द), फंक्शनची नावं, टाइप वगैरेंना रंग. ह्या यादीचं नाव फॉन्ट-लॉक-कीवर्ड्स. ऐकायला सोपं आहे.

पण ह्यातली मेख अशी की साधं फंक्शन तुम्ही बोलावता तेव्हा चालतं, हे रंगांचं फंक्शन तुम्ही कधीच बोलावत नाही. तुम्ही नियम यादीत ठेवून देता आणि एडिटर स्क्रीन रंगवताना, त्याला वाटेल तेव्हा, जेवढा भाग दिसतोय साधारण तेवढ्यापुरता, तो नियम चालवतो. 2001 च्या 21 व्या व्हर्जनपासून हे जिट-लॉक नावाची यंत्रणा करते, म्हणजे फाइलचा जो भाग तुम्ही अजून बघितलाच नाही त्याला बहुतेक वेळा रंग लागलेलेच नसतात. मोठ्या फाइली झटकन उघडतात त्या ह्यामुळे. पण मग अशा फंक्शनची माहिती लिहिताना 'हे काय करतं' एवढं लिहून भागत नाही, ते कोण चालवतं, कधी चालवतं, कोणाच्या नंतर चालवतं आणि बिघडलं तर कुठे कळतं हे लिहायला लागतं. आणि हेच बहुतेक वेळा एक तर नसतं किंवा इतकं दाटीवाटीने असतं की ज्याला आधीच माहितीये त्यालाच ते दिसतं.

सगळ्यात नेहमीची गोष्ट घ्या. प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच की कॉमेंटमध्ये 'टू-डू' (हे करायचं राहिलंय) लिहिलं की ते लालभडक दिसावं. त्यासाठी फॉन्ट-लॉक-ॲड-कीवर्ड्स नावाचं फंक्शन आहे. माणूस एक नियम लिहितो, शब्द हा, रंग हा, चालू करतो, आणि कॉमेंटमध्ये काहीच होत नाही. पण खाली कोडमध्ये कोणी व्हेरिएबललाच 'टू-डू' नाव दिलेलं असेल तर ते मात्र लाल! म्हणजे नियम चालतोय, फक्त जिथे पाहिजे तिथे नाही. कारण वर सांगितलेले दोन टप्पे. कॉमेंटला पहिल्या टप्प्यात रंग लागून गेलाय आणि दुसऱ्या टप्प्यातला नियम आधी रंग लागलेल्या मजकुराला हात लावत नाही, जोपर्यंत तुम्ही नियमात ओव्हरराइड म्हणून काहीतरी देत नाही. त्याच्या चार किमती (व्हॅल्यू) आहेत, टी म्हणजे जुना रंग काढून नवा लाव, कीप म्हणजे जिथे रंग नाही तेवढ्याच जागी लाव, प्रीपेंड आणि ॲपेंड म्हणजे जुन्याच्या जोडीला पुढे किंवा मागे लाव. कॉमेंटसाठी प्रीपेंड बरा, कारण कॉमेंटचा तिरका टाइप वगैरे तसाच राहतो. आता गंमत बघा, फॉन्ट-लॉक-ॲड-कीवर्ड्सच्या डॉकस्ट्रिंगमध्ये 'फिक्स-मी' शब्दाचं जे उदाहरण दिलंय त्यात प्रीपेंड आहे! म्हणजे लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं आणि त्याने बरोबर उदाहरण दिलं. फक्त तो प्रीपेंड तिथे का आहे हे एका वाक्यात सांगितलं असतं तर कितीतरी जणांची संध्याकाळ वाचली असती.

दुसरी गोष्ट ह्याहून भारी आहे. अशा उदाहरणांत बऱ्याचदा रंगाच्या जागी फॉन्ट-लॉक-वॉर्निंग-फेस असं लिहिलेलं असतं (फेस म्हणजे रंग, ठळकपणा वगैरेंचा नाव दिलेला संच), पुढे कोट चिन्ह नाही काही नाही, आणि ते चालतं. मग माणूस स्वतःचा फेस बनवतो, समजा माझा-फेस, आणि उदाहरणात त्या जागी ते नाव टाकतो. झालं, रंग गायब, कधी कधी आजूबाजूचेही गायब. आणि एरर समोर येत नाही, कारण हे सगळं स्क्रीन रंगवताना चालतं, तिथे एडिटर थांबून तुम्हाला काही विचारू शकत नाही, तो मेसेजेस बफरमध्ये (एडिटरचे निरोप जमा होतात त्या पानावर) गुपचूप एक ओळ टाकतो की रीडिस्प्ले (स्क्रीन परत रंगवणं) करताना जिट-लॉक-फंक्शनमध्ये एरर आली, व्हॉइड व्हेरिएबल (ह्या नावाला किंमतच नाही), माझा-फेस. तिकडे बघायचं असतं हे ज्याला माहीत नाही तो रेग्युलर एक्स्प्रेशन तपासत बसतो. कारण काय, तर त्या जागी फेसचं नाव अपेक्षित नसून ज्याची किंमत काढली की फेसचं नाव मिळेल असं एक्स्प्रेशन अपेक्षित आहे. जुन्या फेसेसच्या बाबतीत फेसच्याच नावाचं एक व्हेरिएबलपण बनवून ठेवलंय आणि त्याची किंमत तो फेस, म्हणून ते कोटशिवाय चालतं. तुमच्या फेसला असलं व्हेरिएबल नसतं, तिथे कोट द्यावाच लागतो (लिस्पमध्ये कोट म्हणजे किंमत काढू नकोस, हे नावच घे). हे डॉकस्ट्रिंगमध्ये आहे का? आहे! एका वाक्यात, अगदी अचूक. खोटं काहीच लिहिलेलं नाही. पण ते वाक्य वाचून 'म्हणजे माझ्या फेसला कोट लागेल' इथपर्यंत पोचायला जे डोकं लागतं ते असलेल्या माणसाला मुळात ते वाक्य वाचायची गरजच नसते. बरं, असल्या एरर पकडायला जिट-लॉक-डीबग-मोड नावाची सोयपण आहे, ती हे काम रीडिस्प्लेमधून काढून टायमरवर टाकते म्हणजे डीबगर लावता येतो, पण ती आहे हे तिचं नाव माहीत असल्याशिवाय कळणार कसं?

मी नुसती रड लावलेली नाहीये, चांगली उदाहरणंही त्याच घरात आहेत. पूर्वी आपल्या कोडमधून रंग परत लावायचे असले की लोक सरळ फॉन्ट-लॉक-फॉन्टिफाय-बफर बोलवायचे, म्हणजे अख्खी फाइल पुन्हा रंगवा, मग फाइल कितीही मोठी असो. 25 व्या व्हर्जनमध्ये त्याऐवजी दोन फंक्शन्स आली, फॉन्ट-लॉक-फ्लश आणि फॉन्ट-लॉक-एन्शुअर. फ्लशची डॉकस्ट्रिंग सांगते की ह्या भागाचे रंग शिळे झाले असं जाहीर कर. एन्शुअरची सांगते की ह्या भागाला रंग लागलेले आहेत ह्याची खात्री कर. बास, ह्या दोन ओळींत फरक संपला. नियम बदलले तर फ्लश, पुढचं एडिटर बघून घेईल त्याच्या सवडीने, आणि रंग आत्ताच्या आत्ता हातात पाहिजे असतील, म्हणजे उदाहरणार्थ फाइलचं रंगीत एचटीएमएल पान बनवायचंय आणि न बघितलेल्या भागाला रंगच लागलेले नाहीत, तर एन्शुअर. ज्याने हे लिहिलं त्याने आधी विचार केलाय की वाचणारा कुठल्या प्रश्नाने इथे येईल. ह्याला मी काम म्हणतो.

आणि मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ओळींवर पसरलेल्या मजकुराला रंग देण्याबद्दल एक भाग आहे तो तर मला फारच आवडतो, कारण तो सुरुवातीलाच सांगून टाकतो की नियम साधारणपणे एका ओळीपुरते ठेवा, अनेक ओळींवर ते भरवशाचे नसतात. का, तर तुम्ही टाइप केलं की एडिटर बदललेल्या ओळीच्या आसपास तेवढंच परत रंगवतो, म्हणजे ब्लॉकची शेवटची ओळ तुम्ही आत्ता लिहिली तर पहिल्या ओळीला त्याचा पत्ताच नसतो. मग त्यावर उपाय काय काय आहेत, फॉन्ट-लॉक-मल्टिलाइन आहे, रंगवायचा भाग वाढवून देणारं हूक (ठरावीक वेळी आपोआप चालायची फंक्शन्स अडकवायची जागा) आहे, हे सगळं पुढे दिलंय. आपल्या सॉफ्टवेअरला काय जमत नाही हे स्वतःहून लिहायला धाडस लागतं. आपल्याकडे माहितीपत्रक म्हणजे काय काय जमतं त्याचीच यादी असते.

आता आमच्या ऑफिसातली गोष्ट. नाव घेत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. आमच्याकडे आतल्या वापरासाठी एक कॉन्फिगरेशनची छोटी भाषा आहे आणि तिच्यासाठी एका सीनिअरने ईमॅक्सचा मोड (त्या भाषेपुरती रंग वगैरेंची सोय) लिहून ठेवला होता, तो सोडून गेल्यावर ते सगळं माझ्या गळ्यात आलं. त्यात ब्लॉकला रंग देणारं फंक्शन आहे आणि त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलंय, ब्लॉकला रंग देतं. अरे बाबा, ते नावावरूनच कळलं की! तक्रार अशी होती की बटण दाबलं की रंग येतात आणि त्या ओळीत काही टाइप केलं की उडतात. कोणी म्हणे थीमचा प्रॉब्लेम, कोणी म्हणे व्हर्जनचा. खरं कारण असं की त्या फंक्शनने मजकुराला थेट फेस नावाची प्रॉपर्टी (मजकुरासोबत ठेवलेली खूण) चिकटवली होती, आणि ती प्रॉपर्टी फॉन्ट-लॉकच्या ताब्यात असते, तो ओळ परत रंगवायला घेतो तेव्हा आधी तिथली फेस प्रॉपर्टी पुसतो आणि मग आपले नियम लावतो, तुमचा रंग कोणी लावला होता ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यासाठी फॉन्ट-लॉक-फेस नावाची वेगळी प्रॉपर्टी आहे, ती वापरली की दिसायला तसंच दिसतं आणि पुसलं जात नाही. दुरुस्ती एका शब्दाची झाली. त्यावर मी डॉकस्ट्रिंग लिहिली चांगली ऐसपैस, की हे फंक्शन हाताने बोलवायचंय, हूकमध्ये टाकू नका, फेस न वापरता फॉन्ट-लॉक-फेस का वापरलंय, आणि फॉन्ट-लॉक बंद असेल तर रंग दिसणार नाहीत. रिव्ह्यूत (सहकाऱ्यांनी कोड तपासताना) शेरा आला की कोडपेक्षा कॉमेंट मोठी आहे, कमी करा. काय बोलणार!

2023 च्या जुलैत 29 वं व्हर्जन आलं आणि त्यात ट्री-सिटर आलं, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनने अंदाज बांधण्याऐवजी कोडचं खरोखरचं पार्सिंग करून, म्हणजे त्याची रचना उलगडून, रंग द्यायचे. रंगांच्या चार पातळ्या आहेत आणि डीफॉल्ट तिसरी, म्हणजे ज्यांना फंक्शनचा कॉल, ऑपरेटर, कंस सगळंच रंगीत पाहिजे त्यांनी चार करायची. (मला तीनच बरी वाटते, चारला स्क्रीनची जत्रा होते.) इथे नियम लिहायचं फंक्शन वेगळं, प्रत्येक नियमाला फीचरचं (तो काय रंगवतो त्या गटाचं) नाव द्यावंच लागतं, आणि ओव्हरराइडच्या त्याच चार किमती त्यांनी मुद्दाम त्याच नावांनी ठेवल्यात हे चांगलं केलं. पण आता झालंय असं की एकाच भाषेला दोन मोड, एक जुन्या पद्धतीचा आणि एक ट्री-सिटरचा, आणि जुन्या मोडसाठी नावानिशी घातलेला टू-डू वाला नियम नवीन मोडमध्ये आपोआप येईलच असं नाही. म्हणजे माहिती लिहायचं काम दुप्पट झालंय आणि लिहिणारे तेवढेच.

ह्यावर आमच्या मुलीचं म्हणणं, बाबा, आता हे सगळं एआय लिहितो की. लिहितो ना, मी करून बघितलंय. एका चॅटबॉटला फंक्शन दिलं तर त्याने ओळीओळीचं वर्णन सुरेख करून दिलं, अमुक शोधतो, तमुक प्रॉपर्टी लावतो. पण कधी बोलवायचं विचारलं तर फॉन्ट-लॉक-फॉन्टिफाय-बफर सेव्हच्या हूकमध्ये टाका म्हणाला, म्हणजे दर सेव्हला अख्खी फाइल रंगवा. कारण फंक्शन कधी चालवायचं, कशानंतर चालवायचं हे त्या फंक्शनच्या कोडमध्ये नसतंच हो, ते बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि त्याने कुठे लिहिलं नसेल तर एआय तरी आणणार कुठून.

आणि ह्याची सवय आपल्याकडे लागणार कशी? आपल्या कॉलेजांत डॉक्युमेंटेशन म्हणजे जर्नल. एम, थिअरी, अल्गोरिदम, कन्क्लूजन, मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री, सही घेतली की विषय संपला. कोडमध्ये कॉमेंट पाहिजेत म्हणून काउंटर एकने वाढवला त्या ओळीवर 'काउंटर एकने वाढवला' असं लिहायचं. व्हायवाला कोणी विचारत नाही की हे फंक्शन चुकीच्या वेळी बोलावलं तर काय होईल. मुलं हुशार आहेत, पण त्यांना कधी सांगितलेलंच नाही की वाचणारा कोणीतरी असतो. ईमॅक्समध्ये डॉकस्ट्रिंगचे नियम आहेत, पहिली ओळ पूर्ण वाक्य पाहिजे आणि एकटी वाचली तरी अर्थ लागला पाहिजे, कारण नुसती नावं शोधताना तेवढीच ओळ दिसते, आणि फंक्शनला काय काय द्यायचं त्या आर्ग्युमेंट्सची नावं मोठ्या अक्षरांत पाहिजेत, आणि हे तपासायला चेकडॉक नावाचं हत्यारपण आतच आहे. पण चेकडॉक फक्त शिस्त तपासतो. आमच्या त्या 'ब्लॉकला रंग देतं' ला चेकडॉकने नावं ठेवली नसती.

जाता जाता एक, ह्याच 29 व्या व्हर्जनमध्ये मोडी लिपीची सोयही आलीये, टाइप करायच्या पद्धतीसकट. मोडी युनिकोडमध्ये 2014 लाच आली होती. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मोडीचे वर्ग भरतात, त्यातल्या किती जणांना हे माहीत असेल? बदलांच्या लांबलचक यादीत इतर लिप्यांच्या रांगेत एक उल्लेख आहे, संपलं. कोणीतरी दोन पानं नीट लिहिली, फॉन्ट कुठला लागतो, कुठलं अक्षर कुठल्या बटणावर, तर ती सोय आहे असं म्हणता येईल, तोवर ती फक्त कोडमध्ये आहे.

तर माझी विनंती अशी, की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा ते 'निदान' काढा आणि मुलांना काम नेमकं सांगा. ज्या फंक्शनने तुम्हाला छळलं त्याचीच डॉकस्ट्रिंग उघडा, तुम्हाला जे वाक्य तिथे पाहिजे होतं ते लिहा, ज्या उदाहरणाने फसवलं त्याच्याखाली कारण लिहा, आणि पाठवून द्या. ईमॅक्समध्ये त्यासाठी रिपोर्ट-ईमॅक्स-बग नावाची कमांडच आहे. मोठ्या बदलांना कॉपीराइटची कागदपत्रं करावी लागतात, पण साधारण 15 ओळींपर्यंतच्या छोट्या बदलाला ती भानगड नाही, आणि ज्या प्रीपेंडबद्दल मी वर लिहिलंय त्याला तीन ओळी पुरतात. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, तिथले लोक भाषा सुधारून घेतात, पण माहिती चुकीची असेल तर मात्र परत पाठवतात आणि का चुकीची ते सांगतात. एखाद्या मुलाने किंवा मुलीने असं काही पाठवलं आणि ते घेतलं गेलं, तर त्या तीन ओळी तुमच्या पुरवणीत छापाल का?

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे